सर्पमाणसांचा रविवार

धाकटीला दुष्ट माणसं जमायची नाहीत. खऱ्या आयुष्यात जमत नाहीत ते एक वेळ चालतं, पण तिला ती खेळातही जमायची नाहीत, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

खेळ दर रविवारी दुपारी, वहिनीच्या शिवणकामाच्या दुकानात, शटर अर्धं ओढून चालायचा. कटिंगच्या लांबलचक टेबलावर मार्किंगच्या खडूने शहर काढायचं, नदी काढायची, माणसांच्या जागी बटणं मांडायची. चौघांनी एकेक पात्र घ्यायचं आणि पाचव्याने उरलेलं अख्खं जग चालवायचं: राजे, रस्ते, हवापाणी आणि मुख्य म्हणजे शत्रू. आपलं पात्र काय करतंय ते प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, ते साधलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं, आणि मग काय झालं ते पाचव्याने रंगवून सांगायचं. गेले चार महिने जग धाकटीच्या हातात होतं, आणि तिच्या जगातले शत्रू भेटल्या भेटल्या ख्यालीखुशाली विचारायचे.

मागच्या महिन्यात तिने एक राक्षस आणला होता. चार हात, सहा शिंगं, बिचारीने तीन दिवस खपून तयारी केली होती. खेळायला येणाऱ्या लिफ्टवाल्याने, म्हणजे त्याच्या चोराने, त्याला सहज विचारलं, इथं गुहेत एकट्याला करमतं का? झालं. राक्षस पाऊण तास मन मोकळं करत बसला, आणि शेवटी सगळ्यांनी त्याला सोबत घेतलं. तो अजून सोबत आहे, सामान उचलतो.

हे जग आधी दादा चालवायचा. दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ, फळबाजारात लिलाव पुकारणारा. त्याची सकाळची पहिली हाक गेली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पेंगणारा हमाल ताडकन उठून बसायचा. रविवारी तोच आवाज तो शत्रूंना द्यायचा. एकदा त्याचा जल्लाद नुसता “पुढचा कोण?” एवढंच म्हणाला, तर खेळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातातला कप सुटला होता. आणि बाई रोज दहा माणसांचे दात उपटणारी.

मग दादाच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, निघालीही नीट, जखमही दीड महिन्यात भरली. आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, गळा आता ठणठणीत आहे. आवाज पहिल्यासारखा येणार नाही, घोगरा येईल, फाटका येईल, पण तो वापरायला हवा. रोज लांब श्वास सोडत ‘सस्स’ करायचं आणि मग छातीभरून हाक मारायची. सहा महिन्यांत नाही वापरला तर गळा बोलायचं विसरून जाईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

दादाने एकदाच हाक मारून पाहिली होती. स्वयंपाकघरात, वहिनीला. जे काही बाहेर आलं ते त्याचं त्यालाच ऐकवलं नाही. त्या दिवशी त्याने भाचीची जुनी पाटी काढली आणि तेव्हापासून जे बोलायचं ते पाटीवर. बाजाराने त्याला फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. तिथंही तो गप्प आणि घरीही गप्प. रविवारी यायचा, कारण वहिनी हाताला धरून आणायची. त्याने मुद्दाम पहारेकऱ्याचं पात्र घेतलं होतं, पहारेकऱ्याला बोलावं लागत नाही म्हणून.

सहातले चार महिने सरले होते. मुका दादा धाकटीला अनोळखी वाटायला लागला होता, आणि आपल्या सख्ख्या भावाची आपल्याला ओळख पटत नाही याची तिला लाज वाटायची आणि रडूही यायचं. गोडीने सांगून झालं, रागावून झालं, वहिनीने दोन दिवस अबोला धरून पाहिला, पण मुक्या माणसाशी अबोला धरून काय होणार? मग एका गुरुवारी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असताना धाकटीच्या डोक्यात सर्पमाणसं आली.

सर्पमाणसं म्हणजे कमरेच्या वर माणूस, खाली साप. माणसाचं कातडं पांघरून शहरात शिरतात, शेजारी होतात, ओळखी काढतात आणि वेळ आली की आतून दार उघडून देतात. आणि आपापसात बोलतात ते फुसफुसत, लांब श्वास सोडत, सस्स करत. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलेलं अगदी तेच. दादाला व्यायाम कर म्हटलं तर करणार नाही, पण दादाला साप केलं तर? खेळात शिरला की दादा मागेपुढे बघत नाही, हे धाकटीला लहानपणापासून माहीत होतं. तिला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की समोरच्या गिऱ्हाइकाला तिने खोकल्याच्या बाटलीसोबत विनाकारण हसूही दिलं.

तिथल्या तिथे तिने कामाला सुरुवात केली. गोळ्यांच्या पाकिटांवर ‘सकाळी एक, जेवणानंतर’ अशी लेबलं छापणारं एक छोटं यंत्र दुकानात होतं. त्यावर तिने पहिला मजकूर टाइप केला: “तू सर्पमाणूस आहेस. बाकीचे माणसं आहेत. कुणाला कळू देऊ नकोस. दुपार सरायच्या आत शहराचं दार उघड. सर्पराणीशी बोलायचं असेल तर ट्रायल रूममध्ये, फक्त सर्पांच्या भाषेत.” याची एक प्रत. दुसरा मजकूर: “तू माणूस आहेस. डोळे उघडे ठेव. तुमच्यातलं कुणीतरी माणूस नाही.” याच्या तीन. यंत्र विचारतं, प्रती किती? नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी मलम मागितलं. धाकटीने एका हाताने मलम काढलं, दुसऱ्या हाताने आकडे दाबले, लेबलं घडी करून ठेवली. मग तीन सारखी होती ती तीन पाकिटांत घातली आणि एकटं होतं ते दादाच्या पाकिटात. वाचून पाहायची गरज काय? सोळा वर्षांत तिच्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती.

रविवारी तिने शर्टाच्या पाठीचे पुठ्ठ्याचे दोन साचे उभे करून स्वतःपुढे आडोसा केला, त्यामागे फासे ठेवले आणि शहर मांडलं. चारी बाजूंनी तट, एकच मोठं दार, दारावर बुरूज, बुरजावर दादाचा पहारेकरी. वहिनी वैद्य, लिफ्टवाला चोर, डॉक्टरीणबाई योद्धा. मग तिने चौघांना सांगितलं की सर्पमाणसं शिरल्याची बातमी आहे, आणि ती ओळखायच्या तीन खुणा आहेत. त्यांची पापणी लवत नाही. ती चावत नाहीत, गिळतात. आणि उन्हाची ऊब दिसली की त्यांना राहवत नाही. एवढं सांगून तिने पाकिटं वाटली, खास दुकानदारी आवाजात, हे आत्ताच घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं नाही.

चौघांनी एकमेकांकडे पाठ फिरवून आपापलं लेबल वाचलं. धाकटी दादाच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होती. त्याने वाचलं, घडी केली, खिशात टाकलं. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. अट्टल आहे, धाकटी मनात म्हणाली, आणि खुशीत येऊन खेळ सुरू केला.

पाच मिनिटांत काहीतरी विचित्र व्हायला लागलं. वहिनी पापण्या मिचकवायला लागली. नुसत्या मिचकावल्या नाहीत, आपटायला लागली. डोळ्यात काही गेलंय का, असं धाकटीने विचारलं, तर म्हणाली, छे, मी नेहमीच अशी मिचकावते. लिफ्टवाला दर रविवारी खिडकीजवळच्या उन्हातल्या स्टुलावर मांजरासारखा पसरून बसायचा. आज तो उठला, दोऱ्याच्या रिळांच्या कपाटाआड अंधारात जाऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आपल्याला उन्हाचं आधीपासून वावडंच आहे. डॉक्टरीणबाईंनी एक बिस्किट तोंडात घातलं आणि चावायला घेतलं ते संपेचना. दात कसे वापरावेत याचं प्रात्यक्षिकच होतं ते. मधूनच त्या तोंड उघडून चावलेलं बिस्किट वहिनीला दाखवत होत्या.

धाकटीला वाटलं, माणसं आहेत बिचारी, संशय नको म्हणून धडपडताहेत. तिचं सगळं लक्ष दादावर. आता तो उठेल, ट्रायल रूमकडे बोट करेल, मग पडद्याआड सर्पराणी होऊन आपण त्याच्याशी फुसफुसायचं आणि त्यालाही फुसफुसायला लावायचं. सस्स, लांब, छातीभरून. दादा बुरजावरून तट न्याहाळत बसला होता. तेवढ्यात वहिनीने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली की तिला जरा ट्रायल रूममध्ये यायचंय, खासगीत.

पडदा ओढला गेला. वहिनीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि धाकटीच्या कानात असा काही फूत्कार सोडला की धाकटीचं कानातलं हललं. “सस्सर्पराणी, पहारेकऱ्यांच्या सस्सूपात झोपेची मुळी घातलीय.” धाकटी बघतच राहिली. तिने सवयीने मान डोलावली, बाहेर आली, आणि पाहते तर लिफ्टवाला पडद्याबाहेर रांगेत उभा. त्याने आत येऊन घंटेचा दोर कापल्याचं फुसफुसत सांगितलं आणि वर विचारलं की सर्पाला वार करताना एक गुण जास्त मिळतो का, नियमांत तसं असायला हवं. त्याच्या मागोमाग डॉक्टरीणबाई. त्यांनी बुरजावरचं रणशिंग साफ करायला म्हणून नेलं होतं आणि विहिरीत टाकलं होतं, पण फुसफुसताना त्यांना इतकं हसू येत होतं की सर्पभाषेऐवजी नुसत्या बिस्किटाच्या चुऱ्याचा फवारा आला.

धाकटी एकटीच पडद्याआड उरली आणि समोरच्या उंच आरशात स्वतःकडे पाहायला लागली. तीन सर्प. मग चौथ्या पाकिटात काय गेलं? आकडे! तीनच्या जागी एक आणि एकच्या जागी तीन. सोळा वर्षांची पुण्याई एका मलमाच्या ट्यूबपायी पाण्यात गेली होती. ज्याला साप करायला एवढा खटाटोप केला तोच टेबलावर एकटा माणूस होता, आणि ज्यांच्या आवाजाला काही झालेलं नव्हतं ते तिघे मन लावून व्यायाम करत होते.

तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. खेळ थांबवून सगळं सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण बाहेर तिघांनी जो काही धुमाकूळ घातला होता तो ऐकून ती पडदा सारून धावली. योद्धा दार उघडायला गेला होता, तर तिथे चोर उभा. चोरही दार उघडायलाच आला होता, पण योद्ध्याला पाहून त्याने छाती काढून सांगितलं की मी इथं राखण करतोय, जिवात जीव आहे तोवर दाराला हात लावू देणार नाही. योद्धा म्हणाला, मग मीही इथंच थांबतो. वैद्यही येऊन पोहोचली आणि दोघांना पाहून तिसरी राखण करायला बसली. तिघेही फितूर, आणि तिघेही एकमेकांच्या धाकाने शहराचं दार इमानेइतबारे राखत बसले होते. असली चोख राखण त्या शहराला आजवर मिळाली नसेल.

आणि पहिल्यांदाच धाकटीला दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. तो पुढे झुकला होता. कोण घंटेपाशी, कोण सूपापाशी आणि कोण रणशिंगापाशी घुटमळताना बुरजावरून दिसलं, एवढंच धाकटीने त्याला कानात सांगितलं होतं. त्याने पाटीवर लिहिलं, “लिफ्टवाला साप आहे”, आणि ती गुपचूप वहिनीपुढे धरली. वहिनीने वाचलं, गंभीरपणे मान हलवली आणि बाहीने पुसून टाकलं. मग त्याने सूपाबद्दल लिहिलं आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरलं. त्यांनीही पुसलं. रणशिंगाबद्दल लिफ्टवाल्याला कळवलं, तर त्याने नुसतं पुसलं नाही, खडूही आपल्या खिशात टाकला. दादाने एकेकाकडे पाहिलं. तिघांच्या बाह्या खडूने पांढऱ्या झाल्या होत्या. तिघेही निरागस चेहऱ्याने पापण्या मिचकावत होते. दादा खुर्चीत मागे टेकला, आणि धाकटीला कळलं की त्याला कळलं.

आता तिने एक केलं. चार महिन्यांत तिला जे जमलं नव्हतं ते. ती उभी राहिली, दोन्ही हात टेबलावर टेकले, आणि सर्पराणीला शहराच्या दाराबाहेर आणलं. भर दुपार, ऊन रणरणतंय, जेवणं करून अख्खं शहर दारंखिडक्या लावून झोपलंय. दाराबाहेर वाळूत तीनशे सर्प, आणि पुढे राणी. धाकटीच्या पोटात जी चार महिन्यांची भीती होती, वैताग होता, नुकतंच पडद्याआड गिळलेलं रडू होतं, ते सगळं त्या राणीत उतरलं. तिने कुणाची ख्यालीखुशाली विचारली नाही. तिने फक्त खालच्या आवाजात, सर्पांच्या भाषेत, दाराच्या फटीतून विचारलं, आत माझं कोण आहे?

तिघांनी एकदमच फूत्कार टाकला.

वहिनीने लिफ्टवाल्याकडे पाहिलं, लिफ्टवाल्याने डॉक्टरीणबाईंकडे, आणि जे हसू फुटलं ते विचारू नका. डॉक्टरीणबाई कटिंगच्या टेबलावर आडव्याच झाल्या, नदीत. वहिनी लिफ्टवाल्याला म्हणायला लागली, मी तुला विष घालणार होते रे, शेवटच्या घोटात. लिफ्टवाला नियमांची वही उघडून शोधत होता की एका संघात किती साप चालतात, आणि हसता हसता त्याला पान उलटता येईना. धाकटीही हसत होती, पण राणी काही हसली नाही. राणी म्हणाली, पुरे. अडसर काढा.

तिघांनी मिळून अडसराला हात घातला. तो अवजड, तिघांना मिळून उचलायला थोडा वेळ लागणार. तेवढ्या वेळात काय करायचं ते एकट्या माणसाने करायचं. सगळे दादाकडे वळले.

दादाने दुसरा खडू शोधून लिहिलं, “घंटा वाजवतो.” धाकटीने सांगितलं, दोर कापलाय. त्याने पुसून लिहिलं, “रणशिंग.” ते विहिरीत आहे. “खालच्या पहारेकऱ्यांना उठवायला जिना उतरतो.” ते सूप पिऊन पडलेत, घटकाभर हलवलंस तरी उठायचे नाहीत. यातलं धाकटीने आयत्या वेळी काहीही रचलं नव्हतं. तिघांनी अजाणता एकेक वाट बंद करून ठेवली होती आणि आता एकच उरली होती. दादाला ती दिसत होती. त्याची मान लाल झाली. त्याने खडू दाबून लिहिलं, “ओरडतो”, आणि पाटी धाकटीपुढे सरकवली.

नेहमी ती चालवून घ्यायची. चार महिने पाटीवरचं सगळं तिने बोललं असं धरलं होतं, आणि कुणी हरकत घेतली नव्हती. तिने पाटीकडे पाहिलं.

“खाली सगळे झोपलेत, दादा,” ती म्हणाली. “झोपलेला माणूस पाटी वाचत नाही.”

वहिनीच्या हातातलं बटण जागच्या जागी राहिलं. डॉक्टरीणबाई नदीतून उठून बसल्या. दादाने बहिणीकडे असं पाहिलं की एरवी तिने लगेच माफी मागितली असती. तिलाच काय, तिच्या राक्षसालाही ते सोसलं नसतं. पण राणी बाहेर उन्हात उभी होती आणि धाकटीला तिच्या मागे लपता येत होतं. तिने थंडपणे सांगितलं की अडसर एक वीत वर आलाय.

“उठा,” दादा म्हणाला.

तो शब्द कमी आणि वाराच जास्त होता. तरी तो आवाज होता, दादाचा, चार महिन्यांनी. धाकटीचे डोळे भरून आले आणि तिला फाशावरचा आकडा दिसेना. पुसून पाहिला तर तीन. तिने खरं तेच सांगितलं: बुरजावरचं कबूतर तेवढं उडालं, माणूस कुणी उठला नाही. अडसर दोन वीत.

दादाला राग आला. तो राग धाकटीला चांगला ओळखीचा होता, बाजारात कुणी मधेच बोली फिरवली की यायचा तो. खुर्ची मागे सरली. तो उभा राहिला, एक पाय पुढे, एक हात कमरेवर, लिलावाला उभा राहायचा तसा, आणि त्याने छाती भरून घेतली.

“उठा रे! साप शिरलेत! दार धरा, दार!”

आवाज फाटला. मध्येच चिरकला, शेवटाला नुसताच घरघरला, एका आवाजात दोन आवाज निघत होते आणि दोन्ही एकमेकांशी भांडत होते. पण होता केवढा! शटर खणखणलं. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडून कुणीतरी, काय झालं, कोण शिरलं, असं विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या शटरखालून वाकून, काही नाही, साप आहेत, असं सांगितल्यावर ती खिडकी धाडकन बंद झाली. वहिनी हसत नव्हती. तिने पदराने... छे, हाताशी लागलेल्या अस्तराच्या तुकड्याने डोळे पुसले, आणि तो कुणाच्या तरी कोटाचा होता.

धाकटीने साच्यांमागे फासा टाकला. तो दोनदा कलंडला आणि थांबला. एकोणीस. एकोणीस म्हणजे सारं शहर जागं. माणसं काठ्या घेऊन धावतात, अडसर पुन्हा खाली बसतो, तीन सर्प पकडले जातात, राणी हात चोळत परत जाते, खेळ खलास. आणि दादा खाली बसतो, पाटी उचलतो.

तिने फाशावर तळहात ठेवला. आयुष्यात ती फाशाशी कधी खोटं बोलली नव्हती, राक्षसाच्या वेळीसुद्धा नाही.

“वारा उलटा आहे, दादा,” ती म्हणाली. “खाली ऐकू नाही गेलं.”

लिफ्टवाला तिच्या डाव्या हाताला बसला होता. त्याला आडोशामागचं सगळं दिसत होतं. एका गुणासाठी अर्धा तास वाद घालणारा माणूस तो. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, फटीतून दिसणाऱ्या आकड्याकडे पाहिलं, आणि नियमांची वही मिटून तिच्यावर बसला.

दादाही तिच्या हाताकडेच पाहत होता. त्याने बारा वर्षं हे जग चालवलं होतं. हात फाशावर कधी ठेवला जातो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो तळहात त्याने बराच वेळ पाहिला, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. धाकटीने नजर चुकवली नाही. राणी कुठल्या कुठे गेली होती आणि तिच्या जागी नुसती धाकटी बहीण उरली होती, पकडली गेलेली.

दादाने पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला, गळ्यावरून हात फिरवला.

“वारा आहे खरा,” तो त्या फाटक्या आवाजात म्हणाला. “परत पुकारतो.”

आणि त्याने छाती भरून घेतली.